पहिल्या किल्लीला

आमच्या घरात सकाळचं पहिलं गरम पाणी गाडीचं. दुसरं चहाचं. आंघोळीचं ज्याच्या नशिबात उरेल त्याचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला हे दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि मी पदर तोंडाला लावून हसले होते. तेव्हा सासऱ्यांची गाडी होती, आता नवऱ्याची आहे. गाडी बदलली, चूल बदलून गॅस आला, पण माझं पाणी काही सुटलं नाही. छत्तीस वर्षं थंडीच्या दिवसांत मी पहाटे पाचला उठते आणि दोन हंडे चढवते.

कोकणात कसली थंडी, असं आमचे मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे आमच्या अंगणात येऊन उभं राहावं. मिठबाव गाव खाली समुद्राला लागून, आणि आमचं घर वर सड्यावर, उघड्या कातळावर. रात्रभर तो कातळ निवत राहतो, दव पडतं, आणि सकाळी ट्रकाच्या बॉनेटवर हात ठेवला तर हात झटकावा लागतो. माणूस गोधडीत शिरतो. गाडी कुठे शिरणार?

डिझेलच्या गाडीला ठिणगी नसते. आतली हवा दाबून दाबून तापते तेव्हा कुठे ती पेट घेते, आणि म्हाताऱ्या इंजिनाला धड दाबायलाही जमत नाही. हे मला नवऱ्याने, म्हणजे गंगारामने, लग्नानंतर समजावलं होतं. वर म्हणाला होता, "तुज्यासारखीच आसा ती. भायरसून पेटूची नाय, आतसून तापाक होयी." तेव्हा त्याला असलं बोलायला सुचायचं.

तर पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं. सकाळी कढत पाणी हळूहळू भरायचं, म्हणजे इंजिनाची हाडं गरम होतात. गरम पाण्यात पिळलेलं गोणपाट डिझेलच्या पंपावर गुंडाळायचं. मग हातपंप मारून नळीतली हवा काढायची आणि किल्ली फिरवायची. इंजिन एकदम पकडत नाही. खोकतं, पांढरा धूर टाकतं, पकडल्यासारखं करतं आणि मरतं. किल्ली लवकर सोडली तर सगळं पहिल्यापासून, आणि पकडल्यावरही धरून ठेवली तर स्टार्टर असा किंचाळतो की शेजारची कुत्री भुंकायला लागतात. सोडायची नेमकी वेळ कानाने कळते.

आणि गंगारामला ऐकू येत नाही.

एका दिवसात झालं नाही ते. आधी तो टीव्हीचा आवाज वाढवायला लागला, मग मी दोनदा बोलायला लागले, मग चारदा, आणि मग मी चिडायला लागले. कुडाळच्या डॉक्टरने सांगितलं, इंजिनाने कान खाल्ले. घरात बोलण्यापुरतं यंत्र मिळेल, पण केबिनमधल्या आवाजात त्याचा काही उपयोग नाही. यंत्र आणलं. दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी काढून ठेवलं. समोरच्याच्या ओठांवरून त्याला बरंच कळतं, त्यामुळे गावात कोणाला पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, गंगाराम हल्ली जरा शिष्ट झालाय, हाक मारली तर वळत नाही.

दवाखान्यातून परत येताना, एस.टी. स्टँडवरच, त्याने माझा हात धरला होता. "कोणाक सांगलंस तर माझी शपथ आसा तुका." मी म्हटलं, असल्या शपथा घालू नये. तो म्हणाला, "घातली."

म्हणजे शपथ मोडली तर त्याचं काही बरंवाईट होईल ही भीती, आणि न मोडली तरी होईलच ही खात्री. बाईमाणसाने करायचं काय?

मी काय केलं, तर त्याचा कान झाले. सकाळी मी गाडीसमोर उजवा हात वर करून उभी राहते. तो किल्ली फिरवतो आणि माझ्या हाताकडे बघत राहतो. इंजिनाने खरं पकडलं की मी हात खाली करते, तो किल्ली सोडतो. मग दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची, थंड इंजिनाचा ठोका असतो तो जाईपर्यंत. "ठोको गेलो?" असं तो विचारतो, मी ऐकून मान हलवते, आणि गाडी निघते. पूर्वी हे सगळं तो स्वतः ऐकायचा. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचा, आणि मी त्याच्याकडे बघत राहायचे.

गेला आंब्याचा हंगाम मी त्याच्याबरोबर केबिनमध्ये काढला. देवगडहून वाशीच्या बाजारापर्यंत अकरा खेपा. मागून हॉर्न वाजला की मी त्याच्या मांडीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे मागे गाडी, दोन म्हणजे ती पुढे काढतेय, चिमटा म्हणजे देवा, थांब. हॉटेलवाले हसायचे, या वयात काकाकाकींचं काय चाललंय. क्लीनर ठेवायला तो तयार नव्हता, कारण क्लीनरला तासाभरात सगळं कळलं असतं.

या वर्षी माझ्या गुडघ्याने जाहीरच केलं की आता पुरे. केबिनची पायरी माझ्या कमरेएवढी, आणि मला घराच्या उंबऱ्याची पायरी चढताना भिंत धरावी लागते. मला वाटलं, चला, गुडघ्याने सोडवलं. आता हा घरी बसेल. पण तो म्हणाला, "मी एकटोच जातंय. वाट काय माका नवी आसा?"

वाट नवी नव्हतीच. मागच्या पंधरवड्यातही वाट जुनीच होती. चिरे भरून गाडी येत होती, मी तेव्हा कशीबशी चढून बसले होते, नि दुखऱ्या पायामुळे माझं लक्ष पायाकडे. देवगडच्या वाटेवरच्या वळणावर मागून शाळेची रिक्षा हॉर्न मारत होती, मी थाप मारायला चुकले, आणि याने गाडी उजवीकडे घेतली. मी किंचाळले. ते त्याला कुठलं ऐकू येणार? मी त्याची बाही ओढली तेव्हा गाडी थांबली. रिक्षा गटाराच्या कडेला जाऊन टेकली होती आणि आतून सहा पोरं आमच्याकडे बघत होती. एकीच्या हातात पाण्याची बाटली होती, तिचं झाकण उघडं होतं. रिक्षावाल्याने शिव्या घातल्या, त्या मला एकटीलाच ऐकू आल्या. गंगाराम त्याचे ओठ बघून समजला आणि घरापर्यंत गाडी अगदी कडेने, सावकाश आणली. मला वाटलं होतं, आता सोडेल. दुसऱ्या दिवशी त्याने हंगामासाठी नवी बॅटरी आणली.

आंब्याची गाडी म्हणजे देवगडचा बागायतदार जितेंद्र. त्याच्या वडिलांपासून हंगामाचा माल आमच्याच गाडीतून जातो. पण वडील गेल्यापासून इतर बागायतदार त्याच्या मागे लागले आहेत, नवी गाडी लावूया म्हणून. तो एका संध्याकाळी घरी आला आणि ओटीवर बसून म्हणाला, "काका, माका तुमका नाय म्हणूक जीभ रेटणा नाय. पण लोकांका तोंड देवचा लागता. पयली गाडी हयसूनच सुटांदे, मी सकाळी येतंय. बरी सुटली तर हंगाम तुमचो."

इथे सुटणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या वाडीची रीत अशी की आंब्याची पहिली गाडी निघताना वाडीतले वडीलधारे बाळातात्या तिच्यासमोर गाऱ्हाणं घालतात. ते देवाला एकेक वाक्य सांगतात, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला चालकाने किल्ली फिरवायची. त्या दिवशी गाडीला धक्का मारायचा नाही, उतारावरून सोडायची नाही. पहिल्या किल्लीला पकडली तर हंगाम चांगला. पाचव्या किल्लीला पकडली तरी चालते म्हणा, पण मग लोक वर्षभर आठवण काढतात.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच उठले. झोपलेच नव्हते तर उठणार कसली. हंडे चढवले आणि गॅससमोर बसून राहिले. माझ्या मनात काय होतं ते सांगते, लपवून काय उपयोग. पाणी कोमटच ठेवावं. नाहीतर गोणपाट पंपावर न बांधता बाजूला ठेवावं. गाडी सुटणार नाही, जितेंद्र निघून जाईल, आणि शपथही शाबूत. कोणाला काय कळणार होतं? गाडी म्हातारी, थंडी कडक.

पण हाताला सवय लागलेली असते ती मनाचं ऐकत नाही. पाण्याला खळखळून उकळी येईपर्यंत मी उठलेच नाही. भरलं तेही नेहमीसारखं, सावकाश, एक थेंब न सांडता. गोणपाट दोनदा पिळून बांधलं. गंगाराम हातपंप मारत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आज पाणी बरा कढत हाडलंस गो." मला रडायला आलं, आणि वाफ डोळ्यात गेली असं दाखवलं.

सातला जितेंद्र आला. मोबाईल बघून म्हणाला, तेरा अंश. वाडीतली दहा-बारा माणसं जमली, कोणी कानाला मफलर, कोणी डोक्यावर टॉवेल. बाळातात्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाशी नारळ ठेवला. गंगाराम केबिनमध्ये चढला. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्याने. मी बॉनेटच्या समोर, नेहमीच्या जागी. लोकांना वाटायचं, घरची लक्ष्मी म्हणून उभी राहते.

तात्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो गंगाराम आंब्याची पयली गाडी घेवन वाटेक लागता..."

"व्हय म्हाराजा!"

गंगारामचे ओठ काचेआड हलले. दर वेळी मी किंचित मान हलवत होते, तो ती बघून म्हणत होता.

"वाटेत घाट आसत, वळणा आसत, थय तू तेच्या म्होरे उभो ऱ्हव..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि वाटेक जो कोण आडवो येयत, पोर आसांदे, म्हातारो आसांदे, गोरू-ढोर आसांदे, तेच्या केसाक धक्को लागाक देव नको रे म्हाराजा!"

सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी नुसती मान हलवली. मला ती उघडी बाटली दिसत होती. देवाने याच्या पुढे उभं राहायचं म्हणे. देव पुढे उभा राहिला तरी मागून हॉर्न वाजला की थाप कोण मारणार? देवाला केबिनमध्ये चढता येतं, माझ्यासारखा त्याचा गुडघा नाही दुखत, पण म्हणून त्याच्यावर किती टाकायचं?

तात्यांनी शेवटचं वाक्य सोडलं. मी उजवा हात वर केला. "व्हय म्हाराजा!" म्हणून सगळे ओरडले, मी मान हलवली, आणि गंगारामने किल्ली फिरवली.

स्टार्टर दोनदा घोगरला, इंजिन खोकलं, आणि पकडलं. पहिल्या किल्लीला. इतक्या वर्षांत थंडीत एवढी सुंदर सुटलेली नव्हती ती. लोक टाळ्या वाजवायला लागले. कोणीतरी शिट्टी मारली.

माझा हात खाली आला नाही.

मी काही ठरवलं नव्हतं, खरंच सांगते. हात वर होता, तो वरच राहिला. आणि गंगाराम माझ्या हाताकडे बघत किल्ली धरून बसला. चालू इंजिनावर स्टार्टर किंचाळायला लागला. लोखंड दातांनी चावावं तसा आवाज. टाळ्या थांबल्या. बाळातात्यांनी कानांवर हात ठेवले. कुत्री भुंकायला लागली. एकेकाने केबिनकडे बघितलं, आणि तिथे इस्त्रीचा शर्ट घातलेला गंगाराम, कपाळावर एक आठी नाही, शांतपणे माझ्या हाताकडे बघत होता. त्याचा माझ्यावर केवढा विश्वास होता, ते त्या दिवशी सगळ्या वाडीने बघितलं.

"काका! सोडा! किल्ली सोडा!" जितेंद्र ओरडला. मग तो ओरडायचा थांबला. त्याला कळलं. तो धावत गेला, खिडकीतून हात घालून त्याने किल्ली मागे फिरवली, आणि ती किंचाळी थांबली. इंजिन चालूच राहिलं.

गंगाराम खाली उतरला. बॉनेटवर तळवा ठेवून त्याने अंदाज घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"चालू आसा?"

मी मान हलवली.

"कवा पकडल्यान?"

मी डाव्या हाताचं एक बोट दाखवलं.

त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथेच मरावंसं वाटलं. "पयल्याच किल्लीक?" तो जितेंद्रकडे वळला. "बघितलंस रे? वीस वर्सांची गाडी! पयल्याच किल्लीक!"

जितेंद्र खाली कातळाकडे बघत होता. तात्या नारळ उचलून उगाच पुसत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. गंगारामने एकेकाचा चेहरा बघितला, आणि त्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं. मग त्याने माझा उजवा हात बघितला. तो अजून वर होता.

"मी कोणाक काय सांगूक नाय," मी म्हटलं. त्याला ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हटलं.

"म्हायत आसा," तो म्हणाला.

तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलेल काहीतरी, आणि बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात खाली आणला. "दुकतलो गो," म्हणाला. मग विचारलं, "ठोको गेलो?"

मी ऐकलं. नाक वाहत होतं, कानांना दडे बसले होते, पण ऐकलं. इंजिन एका लयीत चाललं होतं. गेला, अशी मी मान हलवली.

"जितेंद्रा," तो मोठ्याने म्हणाला. त्याला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. "गाडी बरी आसा. हंगाम गाडीक दी. चालवणारो तुझो तू बघ."

जितेंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणाला, पण गंगाराम त्याच्या ओठांकडे बघत नव्हता. तो ओटीवर येऊन बसला, इस्त्रीच्या शर्टासकट, आणि पाय लांब करून त्याने डोळे मिटले. मी त्याच्या शेजारी बसले. गुडघा दुखत होता. समोर गाडी चालू होती आणि तिच्याकडे जाणारं आमच्यापैकी कोणी नव्हतं.

डोळे न उघडताच तो बोलला.

"फाल्या सकाळी पयला पाणी चायेचा ठेव गो."